गेम अडला की सल्ला कुणाचा घ्यावा?

३० मे २०२४ ला नागपुरात रामदासपेठ भागातील पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारातील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. आकडा देशभर पसरला. नागपूरचा आजवरचा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. एकदम आठ अंशांची उडी कशी शक्य आहे, असा प्रश्न जाणकारांना पडला. त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केंद्राची नोंद ४४ अंशांच्या आसपास होती. हवामान खात्याने तपासणी केली आणि सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं.

यंत्राने आकडा दाखवला म्हणजे तो खरा असतो असं नाही. दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या जगात हीच सवय फार कमी दिसते. गेम मध्येच बंद पडतो, पडद्यावर एक इंग्रजी संदेश येतो, मुलगा तो संदेश एखाद्या ग्रुपवर टाकतो आणि पाच मिनिटांत दहा उपाय हजर होतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगतं, कुणी विंडोज नव्याने टाकायला, कुणी अँटिव्हायरस बंद करायला. यातलं कुणीही उलट प्रश्न विचारत नाही. नुकसान मात्र खऱ्या पैशांचं आणि खऱ्या फायलींचं होतं. म्हणून गेमसाठी मदत कशी मागावी, आलेला सल्ला कसा पारखावा आणि दुसऱ्याला सल्ला देताना कोणती जबाबदारी घ्यावी, याची नीट मांडणी करायला हवी.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

चुकीचा सल्ला किती महाग पडू शकतो, याचं अलीकडचं मोठं उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं आहे. हे प्रोसेसर २०२२ आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आले. काही महिन्यांनी अनेकांचे गेम सुरू होतानाच कोसळू लागले. पडद्यावर संदेश यायचा, ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’. म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. सोळा किंवा चोवीस जीबी मेमरीचं महागडं कार्ड असलेल्यांनाही हाच संदेश येत होता.

लोकांनी मदत मागितली. सल्ले ठरलेले होते: ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, ग्राफिक्सची सेटिंग कमी करा, कार्ड बदलून घ्या. कित्येकांनी कार्डं बदलली आणि गेम तरीही कोसळत राहिला, कारण दोष कार्डात नव्हताच. गेमच्या दाबून ठेवलेल्या फायली उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तो ते चुकीचं करत होता आणि त्याचा परिणाम मेमरीच्या संदेशाच्या रूपाने बाहेर पडत होता. २०२४ च्या सुरुवातीला फायली उलगडणाऱ्या ‘ऊडल’ या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी प्रोसेसरकडे बोट दाखवलं. एप्रिलमध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियानेही अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये त्यावरचं मायक्रोकोड अपडेट आलं आणि सुट्या विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं झाली. मात्र आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

यातून वाचकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पडद्यावरचा संदेश हे लक्षण असतं, निदान नसतं. संदेश वाचून थेट सुटा भाग विकत घ्यायला सांगणाऱ्याने निदान केलेलंच नसतं.

मिहानमध्ये रोज पाळली जाणारी शिस्त

नागपूरकरांना या विषयातला धडा घ्यायला लांब जावं लागत नाही. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस अशा कंपन्यांची कार्यालयं इथल्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात आहेत. तिथल्या किंवा कोणत्याही आयटी कंपनीतल्या ‘सपोर्ट’ची कामं करणाऱ्या तरुणाला विचारा, तो काम कसं चालतं ते सांगेल. ग्राहकाची तक्रार आली की आधी तिकीट निघतं. त्यात तक्रार कधी सुरू झाली, कुणाकुणाला त्रास होतो आहे, त्याआधी काय बदललं होतं, हे नोंदवलं जातं. पहिल्या पातळीवरचा माणूस ठरलेल्या पायऱ्या करून पाहतो. त्याला जमलं नाही तर तो अंदाजाने पुढे रेटत नाही, तिकीट दुसऱ्या पातळीकडे ‘एस्कलेट’ करतो.

या कामाचे चार नियम गेमच्या मदतीला जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला: तात्पुरता इलाज आणि मूळ कारण या दोन वेगळ्या नोंदी असतात. रीस्टार्ट केल्यावर गेम सुरू झाला, म्हणजे आजची अडचण मिटली, कारण सापडलेलं नाही.

दुसरा: एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर बदलला, सेटिंग बदललं आणि फायलीही तपासल्या, हे सगळं एकदम केलं तर गेम सुरू होऊनही कशामुळे झाला ते कळत नाही.

तिसरा: बदल करण्याआधी परतीचा रस्ता ठरवायचा. बिनसलं तर पूर्वस्थितीला कसं यायचं, हे माहीत नसेल तर बदल करायचा नाही.

चौथा: ‘रिझॉल्व्ह्ड’ आणि ‘क्लोज्ड’ या दोन निरनिराळ्या पायऱ्या असतात. उपाय सांगून झाला की तिकीट पहिल्या पायरीवर येतं. ते कायमचं बंद होण्याआधी तक्रारदाराला पडताळणीची संधी मिळते आणि त्रास कायम असेल तर तिकीट पुन्हा उघडतं. गेमच्या मदतीत बहुतेक ठिकाणी इथेच घोळ होतो. उत्तर देणारा स्वतःच ‘सुटलं’ असं जाहीर करतो आणि विचारणारा तसाच अडकलेला राहतो.

मदत कशी मागावी

चांगल्या उत्तराची सुरुवात चांगल्या प्रश्नापासून होते. ‘भाऊ, गेम उघडत नाही, कोणीतरी सांगा लवकर’ एवढ्यावर कुणालाही नेमकं उत्तर देता येणार नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘परवा लॅपटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला. तोपर्यंत व्हॅलोरंट नीट चालत होता. आता उघडताच व्हॅन ९००१ हा कोड येतो आणि गेम बंद होतो. बाकीचे गेम चालतात. लॅपटॉप रीस्टार्ट केला, गेम काढून पुन्हा टाकला, फरक पडला नाही. लॅपटॉपचं मॉडेल आणि कोडचा फोटो खाली देत आहे.’

या सहा वाक्यांत जाणकाराला हवं ते जवळपास सगळं आहे. केव्हापासून, त्याआधी काय बदललं, नेमका कोड कोणता, इतर गेमची स्थिती काय आणि आतापर्यंत काय करून झालं. कोड हाताने लिहिताना चुका होतात, म्हणून फोटो किंवा स्क्रीनशॉट द्याच. फोटोत ईमेल, फोन नंबर किंवा खात्याचं नाव दिसत असेल तर ते आधी झाका.

आता या प्रश्नावर दोन उत्तरं आली असं समजा. एक म्हणतं, ‘बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू कर, होईल.’ दुसरं म्हणतं, ‘विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघड. बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट या दोन ओळींसमोर काय लिहिलंय ते सांग. आणि डिस्कला बिटलॉकर लावलेलं आहे का?’

पहिलं उत्तर चुकीचं नाही. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० मागते, हे खरं आहे. पण ते उत्तर अर्धवट आहे आणि धोका त्या अर्धवटपणातच आहे. बायोस मोडसमोर ‘लेगसी’ लिहिलेलं असेल तर तिथली सेटिंग नुसती बदलल्याने विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर या बदलानंतर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधी बघून कागदावर लिहून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ते राहिलं आणि की कुठेच सापडली नाही, तर डिस्कवरचा प्रोजेक्ट, फोटो, कागदपत्रं सगळं हातचं जाऊ शकतं.

म्हणून सल्ला देणाऱ्याची पारख त्याच्या उत्तरावरून करण्याआधी त्याच्या प्रश्नांवरून करा. ज्याने काहीच विचारलं नाही त्याचा उपाय शेवटी ठेवा.

आलेला सल्ला कसा पारखावा

उपायांचा क्रम ठरलेला असावा: जे सहज मागे घेता येतं ते आधी, जे मागे घेता येत नाही ते सर्वात शेवटी. गेम आणि संगणक रीस्टार्ट करणं, स्टीमसारख्या दुकानातल्या सोयीने गेमच्या फायली तपासून घेणं, कंपनीच्या सर्व्हरची स्थिती पाहणं, मागून चालणारी इतर सॉफ्टवेअर बंद करणं, यात काही बिघडत नाही. त्यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हर, तोही कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच. त्यानंतर गेम काढून टाकणं, पण आधी सेव्ह केलेल्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन. प्रत्येक गेम आपली प्रगती क्लाउडवर ठेवतोच असं नाही. विंडोज पुसणं आणि सुटे भाग बदलणं अगदी शेवटी.

पुढील सूचना कुणीही दिल्या तरी थांबा:

• ‘अँटिव्हायरस बंद करून ही फाइल चालव.’ खऱ्या गेमला अँटिव्हायरस बंद करण्याची गरज सहसा नसते.

• ‘ही डीएलएल फाइल अमुक ठिकाणाहून घेऊन सिस्टिम फोल्डरमध्ये टाक.’ अशी हरवलेली फाइल बहुधा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस किंवा डायरेक्टएक्सच्या अधिकृत संचात असते. अनोळखी ठिकाणची सुटी फाइल म्हणजे घरात घेतलेला अनोळखी माणूस.

• ‘विंडोजची कळ आणि आर दाब, हे पेस्ट कर आणि एंटर मार.’ पडताळणीच्या नावाखाली लोकांकडूनच घातक आज्ञा चालवून घेण्याची ही रीत २०२४ पासून फार फोफावली आहे. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही ती चालवू नका.

• ‘एनीडेस्क टाक, मी करून देतो.’ अनोळखी माणसाच्या हाती संगणक किंवा फोन देऊ नका. त्यात बँकेचं अॅप आणि ओटीपीही असतात.

• ‘या कस्टमर केअर नंबरवर फोन कर.’ गेम कंपन्यांची मदत बहुतेक करून अॅपमधून किंवा संकेतस्थळावरच्या तिकिटातून मिळते. शोधून सापडलेला मोबाइल नंबर फसवणुकीचाच असण्याची शक्यता जास्त.

अधिकृत दुकानातून घेतलं म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा, असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम स्टीमवर आला होता. त्यात घातक प्रोग्रॅम निघाला. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने तो काढला आणि तो खेळलेल्यांना संगणक तपासण्याचा, गरज वाटल्यास विंडोज पूर्ण नव्याने टाकण्याचा इशारा दिला.

उत्तराची तारीखही पाहा. तीन वर्षांपूर्वीचं उत्तर त्या वेळच्या आवृत्तीसाठी बरोबर असेल, आज तो मेनूच राहिला नसेल. एआय चॅटबॉटच्या उत्तरालाही हाच नियम. तो अस्तित्वात नसलेली सेटिंगसुद्धा ठामपणे सांगू शकतो. कंपनीच्या स्वतःच्या मदतपानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावरून काही बदलू नका.

नागपूरचं ऊन आणि जाणारी लाइट

जगभरातले सल्ले जिथे लिहिले जातात तिथली खोली नागपूरच्या खोलीसारखी नसते, हेही ध्यानात घ्यावं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या, म्हणजे सर्वात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते. अशा वेळी गेम सुरुवातीची दहा मिनिटं नीट चालून मग अडखळू लागला, तर ते उष्णतेचं लक्षण असण्याची शक्यता मोठी. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इथे ड्रायव्हर बदलून काही होत नाही आणि ‘ओव्हरक्लॉक कर’ हा सल्ला तर घातकच ठरतो.

पडताळणी सोपी आहे. तोच गेम पहाटे किंवा एसीच्या खोलीत खेळून पाहा. तिथे अडखळत नसेल तर कारण सापडलं. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवा. पंख्यातली धूळ साफ करून घ्या, जुना असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. ती हवा ओलसर असते आणि तिच्यासोबत पाण्याचे तुषारही येऊ शकतात.

दुसरी गोष्ट विजेची. पहिल्या वादळी पावसात लाइट जाणं आपल्याला नवीन नाही. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. इंटेलच्या प्रकरणात खरा उपाय बायोस अपडेटमधूनच येत होता, म्हणजे अपडेट टाळणंही योग्य नाही. डेस्कटॉप यूपीएसवर असेल आणि आकाश निरभ्र असेल तेव्हा ते करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवून चार्जर लावलेला असू द्या.

नियंत्रण करणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या ई-स्पोर्ट्स क्लबचा डिस्कॉर्ड असो की वस्तीतल्या मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, कुणीतरी अॅडमिन किंवा मॉडरेटर असतो. हे काम बहुधा विनामोबदला, हौसेने केलेलं असतं, त्याचा मान राखायला हवा. पण हौशी कामालाही कर्तव्यं असतात.

रागावलेला माणूस आणि शिवीगाळ करणारा माणूस यांत फरक करा. दोन हजारांचा गेम विकत घेऊन तो सुरूच होत नसेल तर माणूस चिडून बोलणारच. ती तक्रार आहे, तिला उत्तर द्या. व्यक्तीवर उतरणाऱ्या भाषेला आवर घाला, पण गेम किंवा कंपनीवरच्या टीकेला कात्री लावू नका. ‘हा प्रश्न आधी येऊन गेला’ म्हणून दार लावण्याआधी जुना उपाय त्या माणसाला लागू पडतो का, ते बघा. एकच तक्रार अनेकांकडून येणं हा उपद्रव नसतो, पुरावा असतो. इंटेलचा दोष उघड झाला तो एकसारख्या तक्रारी एकत्र मांडल्या गेल्या म्हणूनच.

चुकीचा सल्ला दिसला तर तो गुपचूप पुसू नका. त्याखाली ‘हे करू नका, कारण असं’ अशी नोंद ठेवा, म्हणजे पुढचा वाचकही सावध होतो. घातक लिंक मात्र तत्काळ काढा. ‘सुटलं’ अशी खूण करण्याचा हक्क फक्त विचारणाऱ्याला द्या. कुणाला बाहेर काढलं तर कारण सांगा आणि दुसऱ्या अॅडमिनकडे दाद मागण्याची सोय ठेवा. आणि उत्तर माहीत नसेल तेव्हा ‘मला माहीत नाही, कंपनीकडे तिकीट टाक’ असं स्वच्छ लिहा. हे वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. मदतीच्या कामातली ती सर्वात प्रामाणिक पायरी आहे.

दाद कुठे मागायची

सल्ल्यांचा काथ्याकूट करण्यापेक्षा काही वेळा हक्क बजावणं सोपं असतं. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून गेम नीट चालत नसेल तर सेटिंग चाळवत त्यातच तास घालवू नका, घड्याळ चालू असतं. गुगल प्लेवरच्या खरेदीसाठी ४८ तासांच्या आत अर्ज केलेला बरा.

भारतातल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन मंचांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. या अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं. २०२३ पासून ही सोय आहे. पैसे घेऊन सेवा दिली नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फसवणुकीत खात्यातून पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. या प्रत्येक ठिकाणी पुरावा लागतो, म्हणून पावती, तिकीट क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पालकांना एक विनंती. मुलाचा गेम बिघडला की ‘बरं झालं’ म्हणून विषय सोडू नका. घरात मदत मिळाली नाही तर तो अनोळखी माणसाकडे जाईल आणि त्याच्या सांगण्यावरून तुमच्याच फोनमध्ये काहीतरी टाकेल. त्याच्या शेजारी बसा, कोड काय आला ते वाचा, आधी काय बदललं ते विचारा. तांत्रिक ज्ञान नसलं तरी चालेल, हे प्रश्न विचारायला ते लागत नाही.

आणि जे तरुण मिहानमध्ये किंवा अन्यत्र सपोर्टचं काम करतात त्यांना आग्रहाची विनंती. ऑफिसात परदेशातल्या ग्राहकासाठी तुम्ही जी शिस्त रोज पाळता, तीच संध्याकाळी आपल्या गावातल्या मुलांच्या ग्रुपवरही पाळा. आधी दोन प्रश्न विचारा, एकच उपाय सांगा, तो मागे कसा घ्यायचा तेही सांगा आणि दुसऱ्या दिवशी ‘झालं का?’ असं विचारायला विसरू नका.